शिंद्यांची पलटण २८ मिलिमीटरमध्ये: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातल्या रंगकामाच्या नोंदी

८ मे

पैज छोटे शिपाई रंगवून त्यांच्या लढाया खेळणाऱ्या तिघांची आहे: ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदा. प्रत्येकानं आपल्या गावच्या फौजेतली एक तुकडी २८ मिलिमीटरच्या मापात (उभा माणूस साधारण एवढा उंच) ३१ जुलैपर्यंत रंगवून, बेसवर (पायाखालच्या पट्टीवर) बसवून, वॉर्निश करून पुरी करायची. इंदूरकरांनी यशवंतराव होळकरांचे स्वार घेतलेत, बडोदेकरांनी गायकवाडांची अरब शिबंदी. ग्वाल्हेरकडे अर्थातच शिंद्यांचा कंपू, म्हणजे त्यांची कवायती फौज.

गुण असे: पायदळाचा शिपाई ५, घोडेस्वार १०, तोफ १५. बेस नसेल तर निम्मे, वॉर्निश नसेल तर शून्य. शेवटची अट कडक वाटते, पण ती हवीच. पावसाळ्यात वॉर्निश पुढे ढकलायचा मोह सगळ्यांना होतो, आणि वॉर्निश नसलेल्या शिपायाचा रंग चार डावांत पगडीवरून आणि संगिनीच्या टोकावरून उडतो, कारण बोटं तिथेच लागतात.

आमची यादी: तेलंगा पलटणीचे (कवायती पायदळाचे) २४ शिपाई (त्यात एक सुभेदार, एक निशाणदार, एक ताशेवाला), एक तोफ, पाच गोलंदाज, सहा स्वार. गुण २२०.

प्रसंग असईच्या लढाईचा धरलाय, २३ सप्टेंबर १८०३. महादजी शिंद्यांनी १७८४ साली डी बॉइन या युरोपी लष्करी अधिकाऱ्याला चाकरीत घेतलं. त्यानं उभ्या केलेल्या कवायती पलटणी पुढे पेरॉन या फ्रेंच अधिकाऱ्याकडे गेल्या, आणि असईच्या मैदानात हॅनोव्हरच्या पोलमनच्या हुकमतीत दहा हजारांवर कवायती पायदळ उभं होतं. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाती ९८ तोफा लागल्या, आणि त्या इतक्या चांगल्या होत्या की त्यानं त्यांची तारीफ लिहून ठेवली. म्हणून तोफेशिवाय ही तुकडी पुरी होत नाही.

प्रसंग आधी ठरवण्याचं एक कारण बेस. असई म्हणजे जालन्याकडची काळी माती, दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव, पावसाळा संपत आलेला. ग्वाल्हेरची पिवळट माती आणि वाळलेलं गवत त्या शिपायांच्या पायाखाली शोभणार नाही.

११ मे

पायदळ रेझिनचं, थ्रीडी प्रिंट. स्वार आणि तोफ धातूची. दोन्हींची सफाई वेगळी.

रेझिनचा शिपाई हातात आला की आधी नखानं चाचपायचा. चिकट लागला तर तो नीट क्युअर झालेला (उजेडात पक्का जमलेला) नाही, आणि त्यावर बसवलेला प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) कधीच घट्ट धरत नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रशनं धुऊन, पूर्ण वाळवून मग उन्हात ठेवायचा. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन या कामाला हवं त्याहून जास्तच आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ, मध्ये एकदा पालथा करून, एवढं पुरतं. दुपारभर गच्चीवर विसरलं तर रेझिन पिवळं आणि ठिसूळ होतं, आणि पहिल्यांदा मोडते ती संगीन.

बंदुकीच्या नळ्या वाकड्या आल्या असतील तर मोडून चिकटवू नयेत. कपात गरम पाणी घ्यायचं, उकळतं नको. नळी त्यात थोडा वेळ धरायची, बोटांनी सरळ करायची आणि लगेच माठाच्या थंड पाण्यात बुडवायची. बारीक रेझिन उष्णतेनं नरम पडतं आणि थंड होताना दिलेला आकार धरून ठेवतं. सपोर्टच्या (छापतानाच्या टेकूंच्या) खुणा जास्त करून कोपराखाली आणि कोटाच्या मागच्या घोळात असतात. त्या नव्या ब्लेडनं खरवडायच्या, कापायच्या नाहीत. कापायला गेलं की खड्डा पडतो. कानशीनंतर ६०० नंबरचा पाण्यातला काचकागद. घासताना मास्क हवाच, रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट.

धातूच्या घोड्यांवर साच्याची रेघ पोटाखालून मानेपर्यंत जाते. ती बारीक गोल कानशीनं काढायची. आयाळीतली रेघ काढताना केसांच्या दिशेनंच कानस चालवायची, आडवी नाही. नंतर भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात धुणं.

१४ मे

जोडणी. फेविक्विक लवकर धरत नाहीये अशी तक्रार मे महिन्यात ऐकू येते आणि दोष ट्यूबला दिला जातो. दोष हवेचा असतो. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं जमतो. लू चालू असताना खोलीतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते, मग तो ओलाच राहतो. जोडाच्या एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूवर तोंडाची वाफ सोडायची आणि दाबायचं. तेवढ्या ओलाव्यानं काम होतं. पावसाळ्यात याच्या उलट: गोंद झटकन जमतो आणि जोडाभोवती पांढरी वाफ धरते.

घोडा आणि स्वार धातूचे, जड. तिथे फक्त फेविक्विकवर भरवसा ठेवू नये. स्वाराच्या बैठकीत आणि खोगिरात एक मिलिमीटरचं भोक पाडून पेपरक्लिपच्या तारेचा तुकडा आणि अरल्डाइट. घोडा पडला तर स्वार जागेवर राहतो. मानेच्या जोडाच्या फटी एम-सीलनं भरल्या. एम-सील या उकाड्यात लवकर कडक होतं, म्हणून वाटाण्याएवढंच मळायचं, ओल्या बोटानं गुळगुळीत करायचं आणि उरलेलं फेकून द्यायचं. त्याचा कण जाड असतो. चेहऱ्याच्या किंवा हाताच्या दुरुस्तीला ते वापरू नये.

पायदळ बेसवर न लावता बाटल्यांच्या झाकणांवर ब्लू-टॅकनं (चिकट पुट्टीनं) बसवलं. रंगवताना धरायची जागा झाकण. शिपायाला हात लागत नाही आणि बोटांचं तेल रंगाखाली जात नाही.

१७ मे

प्रायमर. दुपारी ४४ अंश आणि गरम वारा असताना स्प्रे मारला तर थेंब शिपायापर्यंत पोचायच्या आत हवेतच अर्धे वाळतात. ते भुकटीसारखे येऊन बसतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यावर पुढचा प्रत्येक रंग खरखरीतच बसणार, आणि लाल कोटावर हा दोष सगळ्यात आधी दिसतो. म्हणून वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आत, वारा पडलेला असताना. डबी रात्रभर घरात ठेवलेली. उन्हात किंवा गाडीत डबी ठेवणं धोक्याचं आहे, पन्नास अंशांच्या वर जाऊ देऊ नका असं तिच्यावर लिहिलेलंच असतं.

अंतर एरवी तीस सेंटिमीटर सांगतात. या हवेत ते वीस-बावीसवर आणलं. हात शिपायाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, म्हणजे नोझलचा पहिला थुंका शिपायावर पडत नाही. डबी किमान दोन मिनिटं हलवायची. राखाडी प्रायमर, दोन पातळ हात. शिपाई आडवे करून खालून एक हात वेगळा, कारण कोटाखालचा भाग आणि हनुवटी वरून मारलेल्या फवाऱ्यात सुटते.

फवारा बसला की उजेडात तिरकं धरून पाहायचं. खरखर दिसली आणि रंग अजून ताजा असला तर कोरड्या, जुन्या टूथब्रशनं हलकं झाडलं की वरची भुकटी निघते. पूर्ण वाळल्यावर मात्र ती खालच्या थराला धरून बसते.

२० मे

रंगाला बसण्याआधी खोली. हा विषय पुस्तकात सापडत नाही, कारण पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात. ग्वाल्हेरमध्ये मे महिन्यात वाळ्याच्या जाळीचा कूलर लागतो, आणि कूलर रंगकामाचा मित्र आहे, त्याच्या झोतात बसलं नाही तर. ओली हवा खोलीत फिरल्यावर हायग्रोमीटरचा (हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राचा) काटा १८ वरून ५० च्या आसपास येतो आणि ब्रशच्या टोकावर रंग वाळणं थांबतं. झोतात बसलं तर तीच हवा रंग दुप्पट वेगानं सुकवते आणि जाळीतली धूळ ओल्या कोटावर आणून टाकते. कूलर पाठीमागे तिरका, मधे पडदा, एक खिडकी फटीएवढी उघडी.

ओली पॅलेट घरीच केली. मिठाईचा प्लास्टिकचा चपटा डबा, तळाला स्वयंपाकघरातला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद. मेणाचा कागद चालत नाही, तो पाणी वर येऊच देत नाही. कागद आधी गरम पाण्यात भिजवायचा, मग तो कडांनी वळत नाही. पाणी स्पंजच्या वर दिसता कामा नये. दिसलं तर रंग आपोआप पातळ होऊन पसरतो आणि शेडचं गणित बिघडतं. बोअरच्या जड पाण्यानं गडद रंगावर वाळल्यावर पांढुरकी रेघ राहते, म्हणून आरओचं पाणी. स्पंजखाली तांब्याच्या तारेचा तुकडा ठेवला की वास येत नाही.

रंग म्हशीच्या दुधाइतका पातळ हवा: नखावर ओढला की खालचं नख दिसेल न दिसेल असा. व्हॅलेहो कंपनीच्या रंगाला साधारण दोन थेंबांना एक थेंब पाणी. कॅमलचे ट्यूबमधले ॲक्रिलिक चालतात, पण त्यांचं रंगद्रव्य जाड दळलेलं असतं आणि नुसत्या पाण्यानं ते फाटतात. त्यांना मॅट मीडियम घालायचं. रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारा द्रव) पाच थेंबांना एक, त्याहून जास्त नाही. जास्त झालं तर खालचा हात तासन्‌तास चिकट राहतो आणि पुढचा हात त्याला उचलून आणतो.

२४ मे

लाल कोट. डी बॉइनच्या तेलंगा पलटणींचा पोशाख कंपनी सरकारच्या धर्तीवरचा: लाल कोट, काळं चामडी सामान, निळी पगडी. हे तीन रंग नीट आले की पलटण हात दोन हात अंतरावरूनही ओळखू येते.

लाल रंग झाकत नाही. त्यातली सेंद्रिय रंगद्रव्यं पारदर्शक असतात, म्हणून राखाडीवर सरळ लाल लावला तर तीन हातांनंतरही ठिपकेदार दिसतो, आणि चौथ्या हातात कोटाच्या बटणांचं कोरीवकाम बुजतं. उपाय खालच्या रंगात आहे. पहिला हात कॅव्हलरी ब्राउनचा (व्हॅलेहोचा नंबर ७०.९८२), पूर्ण झाकेल असा. त्यावर फ्लॅट रेडचे (७०.९५७) दोन पातळ हात, काखेत, कोपराच्या वळ्यांत आणि पट्ट्यांच्या कडेला तपकिरी मुद्दाम सोडून. सावली आधीच खाली असते, वर फक्त उजेड लावायचा राहतो.

सावलीसाठी काळा वॉश (खोबणीत उतरणारा अगदी पातळ रंग) लाल रंगावर कधीच वापरू नये, कोट मळका दिसतो. तपकिरी वॉशमध्ये लालाचा एक थेंब मिसळून फक्त वळ्यांत, टोकदार ब्रशनं. सगळ्या कोटावर ओतायचा नाही.

एका वेळी आठ शिपाई. चोवीस एकदम घेतले तर शेवटच्या शिपायापर्यंत पॅलेटवरचा रंग बदललेला असतो. एकेक घेतला तर पलटणीत चोवीस वेगळे लाल दिसतात. आठांत पहिला वाळेपर्यंत आठवा होतो, हात थांबत नाही.

२९ मे

उजळ रेघा. फ्लॅट रेडमध्ये ऑरेंज रेड (७०.९१०) निम्मा, खांद्यावर, कोपरावर आणि कोटाच्या खालच्या कडेला. पांढरा मिसळायचा नाही. लालात पांढरा पडला की गुलाबी होतो आणि कोट धुतल्यासारखा फिका दिसतो. रेघेला ब्रशची कड वापरायची, टोक नाही. टोकानं ओढलेली रेघ थरथरते, कडेनं ओढलेली कोरलेल्या कडेवर आपोआप बसते.

काळे पट्टे. निव्वळ काळ्याऐवजी काळ्यात प्रशियन ब्लूचा (७०.९६५) थेंब, वरच्या कडेला जर्मन ग्रे (७०.९९५). लाल कोटावर काळा पट्टा गेला की पट्ट्याच्या दोन्ही कडांना केसाएवढी कॅव्हलरी ब्राउनची फट राहील असं पाहायचं. ही फट राहिली तर पट्टा कोटावरून उठून दिसतो. बुजली तर लांबून कोटावर डाग पडल्यासारखं वाटतं. सगळ्या कामात सर्वात जास्त फरक या एका फटीनं पडतो, आणि तिला वेळही सगळ्यात जास्त लागतो.

३ जून

चेहरे. कंपूतले शिपाई अवध, रोहिलखंड आणि दोआबातले. बाजारात मिळणाऱ्या रंगवलेल्या हिंदुस्थानी शिपायांचे चेहरे सगळे एकाच तपकिरीत बुडवलेले असतात, आणि तिथेच पलटण निर्जीव होते. तीन खालचे रंग केले: सॅडल ब्राउन (७०.९४०) नुसता, त्यात बेज ब्राउन (७०.८७५) एक तृतीयांश, आणि त्यात फ्लॅट ब्राउन (७०.९८४) निम्मा. आठ-आठ शिपाई प्रत्येकी, पण रांगेत मिसळून उभे केले. उजेडाला खालच्या रंगात यलो ओकर (७०.९१३) थोडा. बफ किंवा पांढरा वापरला तर सावळ्या कातडीवर पीठ पडल्यासारखी झाक येते. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ, बोटांचे सांधे, एवढ्याच जागा.

डोळे या मापात न रंगवणं बरं. भुवईखाली गडद तपकिरी आडवी रेघ पुरते. पांढरे ठिपके टाकले की पलटण दचकलेली दिसते. सुभेदाराच्या मिशा राखाडी, बाकी काळसर तपकिरी.

९ जून

पगड्या आणि पांढऱ्या जांगिया. पगडीला प्रशियन ब्लू, पेचांच्या वरच्या बाजूला त्यात थोडा स्टोन ग्रे (७०.८८४). निळ्यात पांढरा मिसळला की खडूसारखा कोरडा दिसतो, राखाडीनं तो मऊ राहतो. पांढऱ्या कपड्यांना सुरुवात स्टोन ग्रेनं, मग आयव्हरी (७०.९१८), शेवटचा शुद्ध पांढरा फक्त गुडघ्यावरच्या घडीला. पांढऱ्याच्या हाताला वेळ द्यावा. जाड लावला की कडेला थर उचलून दिसतो.

१५ जून

घोडे. पाऊस यायच्या आधी हे मुद्दाम घेतलेत, कारण इथे तैलरंग वापरायचाय. जूनच्या कोरड्या हवेत तो दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो, जुलैमध्ये आठवडा घेतो.

सहा घोडे एकाच रंगाचे रंगवणं म्हणजे मराठी स्वारीचा अपमान. आपल्या भाषेत घोड्याच्या रंगांना इतकी नेमकी नावं आहेत की रंगांची यादी त्यांच्यातूनच निघते. दोन कुमाईत (तपकिरी अंग, काळी आयाळ), एक सुरंग (लालसर), एक सब्जा (राखाडी), एक मुश्की (काळा), एक अबलख (पांढऱ्या तुकड्यांचा). कुमाईतातला एक पंचकल्याणी: चारही पाय खालून पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. दख्खनचं भीमथडी घोडं अंगानं लहान, म्हणून मोठ्या युरोपी घोड्यांच्या साच्यातले न घेता बारक्या हाडाचे निवडलेत. स्वाराचे पाय पोटाखाली थोडे लोंबतात, ते बरोबर आहे.

कुमाईताची रीत अशी. खाली ऑरेंज ब्राउन (७०.९८१) ॲक्रिलिक, पूर्ण झाकलेला, एक रात्र वाळवलेला. कॅमलचा बर्न्ट अंबर तैलरंग ट्यूबमधून पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवायचा. पुठ्ठा जास्तीचं तेल पिऊन घेतो. हे केलं नाही तर घोडा चमकतो आणि आठवडाभर ओला राहतो. मग डिस्टिल्ड टर्पेंटाइनचे दोन थेंब घालून सगळ्या घोड्यावर, खोगीर सोडून, पातळ हात. वाट पाहायची. थंडीत पंधरा-वीस मिनिटं सांगतात. या उकाड्यात टर्पेंटाइन आठ-दहा मिनिटांत उडून जातं, म्हणून एका वेळी एकच घोडा. मग मेकअपच्या स्पंजच्या तुकड्यानं पुसायचं, नेहमी केसांच्या दिशेनं: मानेवरून छातीकडे, पाठीवरून पोटाकडे, मांडीवरून खाली. उंच भागावरचा रंग निघतो, स्नायूंच्या खोबणीत राहतो. लवकर पुसलं तर सगळंच निघतं, उशिरा पुसलं तर पट्टे पडतात. स्पंजचा कोपरा दर दोन फटकाऱ्यांनी बदलायचा, नाहीतर उचललेलाच रंग परत लागतो.

एक घोडा जवळून पाहण्याजोगा झालाय. उजव्या मांडीवर जिथे स्नायू दुभंगतो, तिथे अंबरची रेघ आपोआप पातळ होत गुडघ्याशी संपते, आणि तिच्या वर ऑरेंज ब्राउन इतका उबदार दिसतो की त्याला वेगळी उजळ रेघ लावायची गरज नाही. ब्रशनं अशी छटा आणायला तास गेला असता.

कुमाईताचे पाय गुडघ्याखाली काळे (पंचकल्याणीचे खालून पांढरे), आयाळ आणि शेपूट काळी. सुरंगाची आयाळ मात्र अंगाच्याच लालसर रंगाची. मुश्कीला काळ्यात अंबर, उजेडाला जर्मन ग्रे. सब्जा वेगळा: फिका राखाडी ॲक्रिलिक, मग स्पंजाच्या फाटक्या तुकड्यानं घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्यांवर पांढरट ठिपके, पाय आणि नाकपुड्या गडद. अबलखाचे पांढरे तुकडे कडेला वेडेवाकडे हवेत, गोल नाहीत. टर्पेंटाइनच्या वासासाठी खिडकी उघडी आणि चिंध्या झाकणाच्या डब्यात.

खोगिराच्या चादरी भडक: लाल, पिवळी, हिरवी. स्वार कवायती नाहीत, त्यांना एकसारखं काही नको. अंगरखे पांढरे, गुलाबी, केशरी, कमरेचा शेला दुसऱ्या रंगाचा.

२३ जून

तोफ. पितळी नळी. खाली फ्लॅट ब्राउन, त्यावर ब्रॉन्झ (७०.९९८), वरच्या अंगाला ब्रास (७०.८०१), मग पातळ तपकिरी वॉश. तोंडाच्या आत आणि कानाशी काळपट. धातूचे रंग ओल्या पॅलेटवर ठेवू नयेत. त्यातले कण पाण्याबरोबर पसरून दुसऱ्या रंगांत जातात. गाडा लाकडी तपकिरी, चाकाची लोखंडी धाव नॅचरल स्टीलच्या (७०.८६४) कोरड्या ब्रशनं. आऱ्यांच्या मधल्या जागा आधी गडद करून घेतल्या तर चाक झटकन होतं.

गोलंदाजांतल्या एकाच्या हातात जामगी (तोफ डागायची जळती वात) आहे. टोकाला निखाऱ्याचा ठिपका: लाल, मध्ये ऑरेंज रेड, अगदी मध्यात यलो ओकर. हातावर उजेड पाडायचा प्रयत्न केला नाही, असईची लढाई दिवसाची.

३० जून

पाऊस आला. कूलर बंद, आर्द्रता ७८. आता काम उलटं: रंग वाळत नाही. वॉशला अर्धा तास लागायचा तिथे दोन तास. रिटार्डर बाजूला ठेवला, स्पंजातलं पाणी कमी केलं.

बेस. ४० बाय ४० मिलिमीटरचे चौकोन, तीन मिलिमीटर एमडीएफचे, लेझर कटिंगच्या दुकानातून. चार शिपाई एका बेसवर, म्हणजे पलटणीला सहा. दोन मिलिमीटरचा एमडीएफ स्वस्त असतो, पण फेविकॉलचं पाणी वरून प्यायला की तो वर वळतो, आणि पावसाळ्यात हमखास. तीन मिलिमीटरच्याही दोन्ही बाजूंना आणि कडांना आधी पातळ वॉर्निशचा हात देऊन घेतला.

बांधकामाची रेती धुऊन, वाळवून चहाच्या गाळणीतून चाळली. बारीक रेती जास्त, दोन-चार खडे. फेविकॉलवर शिंपडून, वाळल्यावर पातळ फेविकॉलचा दुसरा हात, नाहीतर रेती खेळताना गळते. रंग काळ्या मातीचा: काळ्यात फ्लॅट ब्राउन, वरून कोरड्या ब्रशनं तपकिरी-राखाडी, अगदी हलका. लालसर तपकिरी इथे टाळावा, तो कोकणाचा रंग. गवत हिरवं पण टोकाला पिवळं पडू लागलेलं, कारण पाऊस ओसरलाय. झुपके पायपुसण्याच्या काथ्याचे: अर्धा सेंटिमीटर कापून, बुडाला फेविकॉलमध्ये बुडवून, वरून हिरवा रंग. तोफेच्या बेसवर चाकाच्या मागे दोन खोल चाकोऱ्या, ओल्या मातीसाठी त्यांत ग्लॉस वॉर्निश.

८ जुलै

निशाण. भगवं, टोकाला दुभंगलेलं. साधा ७० जीएसएम कागद, हातानं रंगवलेला. इंकजेटवर छापलं तर फेविकॉल लागताच शाई पसरते. यलो ओकर खाली, त्यावर ऑरेंज रेडचे दोन पातळ हात. काठीभोवती गुंडाळून दोन्ही बाजू पातळ फेविकॉलनं जोडायच्या आणि ओलं असतानाच पेन्सिलीवर वळवून लाटा द्यायच्या. वाळल्यावर कागदाची पांढरी कड दिसते, तिला भगव्याचा हात न चुकता.

जरीच्या किनारीला सोनेरी रंग घेतला नाही. या मापात तो चकाकून राखाडी दिसतो. यलो ओकर आणि आयव्हरीचे एकाआड एक ठिपके जरीसारखे दिसतात.

१४ जुलै

वॉर्निश. आज आर्द्रता ८४, स्प्रे वर्ज्य. इंदूरकरांचा फोटो आलाय: काल संध्याकाळी गॅलरीत मारलेला मॅट स्प्रे, आणि सगळ्या स्वारांवर पांढुरकी झाक. फवाऱ्यातला द्रव उडताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतला ओलावा तिथे जमतो आणि वाळणाऱ्या थरात अडकतो. रंग खराब झालेला नसतो, फक्त वरचा थर दुधाळ होतो. त्यांना कळवलंय: घासू नका, आणि त्यावर परत मॅट मारू नका. ब्रशनं ग्लॉस वॉर्निशचा एक पातळ हात द्या. तो त्या सूक्ष्म खळग्यांत भरतो आणि झाक बहुतेक वेळा निघून जाते. मग ब्रशनंच मॅट.

आमचंही सगळं ब्रशनं, बंद खोलीत, एसी ड्राय मोडवर लावून, काटा ५५ वर आल्यावर. आधी ग्लॉस, कारण मार तोच झेलतो. एक दिवस वाळवून मॅट. मॅटची बाटली चांगली हलवून घ्यायची. चमक मारणारी पूड तळाला बसते, आणि न हलवलेली बाटली वर चमक, खाली पीठ असे दोन वेगळे वॉर्निश देते. ब्रश मोठा आणि मऊ, हात पातळ. वळ्यांत साचलं तर ते पांढरं वाळतं, म्हणून लगेच कोरड्या ब्रशनं टिपून घ्यायचं.

२१ जुलै

इंदूरहून निरोप: पाच स्वारांची झाक पूर्ण गेली, एकाच्या आयाळीत थोडी राहिली आहे, तिथे रंगच परत लावताहेत. बडोदेकरांची शिबंदी बेसवर बसली, त्यांच्या आकाशी आणि पांढऱ्या कपड्यांचं काम फार सुरेख आहे, विशेषतः कमरेच्या शेल्यांवरचे पट्टे.

आमच्याकडे तोफेच्या नळीवर मॅट लावला नव्हता, फक्त ग्लॉसमध्ये मॅट मिसळून सॅटिन. पितळ मॅट झालं की पितळ राहत नाही. संगिनींच्या पात्यांनाही तेच. घोड्यांच्या डोळ्यांवर ग्लॉसचा एक थेंब, स्वारांच्या बाकी सगळ्यावर मॅट.

२८ जुलै

मोजणी: २४ शिपाई, पाच गोलंदाज, तोफ, सहा स्वार, सगळे बेसवर आणि वॉर्निश झालेले. २२०.

फोटो उत्तरेच्या खिडकीत, मागे राखाडी चार्ट पेपर, समोर पांढरा पुठ्ठा उजेड परतवायला. थेट ऊन किंवा फ्लॅश घेतला की लाल रंग कॅमेऱ्यात सपाट होतो आणि पट्ट्यांच्या कडेची तपकिरी फट दिसतच नाही.

साठवणीला पत्र्याचा डबा. बेसच्या तळाला मॅग्नेट शीट, म्हणजे शिपाई एकमेकांवर आदळत नाहीत. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. त्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरायच्या. पैजेच्या ठरावाप्रमाणे प्रत्येकानं एक बेस दुसऱ्याला द्यायचा आहे. निशाणदाराचा बेस इंदूरला जाईल. वॉर्निश हाताला कोरडं लागलं तरी आत जमायला या हवेत दोन आठवडे लागतात, म्हणून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याआधी तो फोममध्ये बांधायचा नाही, नाहीतर फोमची जाळी कोटावर उमटेल.